मशीनमधली सूनबाई

त्या रात्री तिला झोप लागली नाही. कारण सांगितलं असतं तर शेजारी घोरणाऱ्या नवऱ्याने कूस बदलून पुन्हा घोरायला सुरुवात केली असती. (तिने सांगितलं. त्याने तसंच केलं.) कारण असं, की तिच्या चार वर्षांच्या लेकीला, भिंगरीला, आजीच्या शिवणमशीनखाली बसायची सवय लागली होती. वर आजी गोधडी शिवायची आणि खाली ही पोरगी पायडलच्या कडेवर बूड टेकून झोके घ्यायची. शेजारी लोखंडी चाक गरगर फिरतंय, चाकावर चामड्याचा पट्टा सळसळतोय, भिंगरीची वेणी पट्ट्यापासून वीतभर दूर, आणि आजी वरून सांगतेय, "बस हं बाळा, आता लांब शिवण आहे, मोठा झोका मिळेल."

दुसरी एखादी आई 'काही होत नाही' म्हणून झोपली असती. पण हिची नोकरीच 'काहीतरी होईल' यावर चालली होती. शिवणमशीन बनवणाऱ्या एका कंपनीत ती माहितीपुस्तिका लिहायची, आणि त्यातही धोक्याच्या सूचना ही तिची खास जहागीर. 'सुई चालू असताना बोट पुढे नेऊ नये.' 'पट्ट्याजवळ केस मोकळे सोडू नयेत.' असली एक ओळ लिहायची तर आधी तो अपघात डोळ्यांसमोर आणावा लागतो. ती तो साद्यंत आणायची, दवाखान्याच्या वासासकट. ऑफिसात तिला सगळे सावधानबाई म्हणत. घरी अजून कोणी म्हणत नव्हतं, कारण घरी ती बऱ्याचशा सूचना मनातच ठेवायची. (भिंगरी सोडून. भिंगरीला सकाळपासून अंथरुणात शिरेपर्यंत जेवढ्या सूचना मिळत, तेवढ्या विमान उतरवणाऱ्या माणसालाही मिळत नसतील.)

"मीसुद्धा त्याच पायडलवर वाढलो," सकाळी नवरा दात घासता घासता म्हणाला. "मला काही झालं का?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि उत्तर द्यायचं टाळलं.

सरळ मार्ग एकच होता: सासूबाईंना सांगायचं. पण लग्न झाल्यापासून तिने सासूबाईंना सरळ असं काही सांगितलंच नव्हतं. भांडण म्हणाल तर अजिबात नव्हतं. सासूबाई दिवसभर नात सांभाळत, घर सांभाळत, उरल्या वेळात जुने सदरे, पडदे, अभ्रे यांचे तुकडे जोडून गोधड्या शिवत, आणि संध्याकाळी ती जिना चढताना मशीनचा तो खडखडाट वरून ऐकू आला की तिच्या खांद्यावरची पर्स आपोआप हलकी व्हायची. घर चालू आहे, सगळे जागच्या जागी आहेत, असं त्या खडखडाटातून कळायचं. हे तरी कधी सासूबाईंना सांगावं? तेही तिने सांगितलं नव्हतं. एकंदरीत तिचा सासूबाईंशी व्यवहार 'चहा ठेवू का?' आणि 'मी येते हं' या दोन वाक्यांच्या मधे सुरळीत चालला होता.

आणि अशा वेळी ऑफिसात नवीन मशीन तयार झालं.

ते खास गोधड्यांसाठीचं मशीन होतं आणि ते घडवलं होतं सुधारणा विभागाच्या मुख्य डिझायनरने. हा माणूस फार हौशी. चांगली चालणारी वस्तू दिसली की याचे हात शिवशिवायला लागत, म्हणून त्याचं नाव पडलं होतं सुधारक. ऑफिसच्या स्टेपलरमध्येही त्याने सुधारणा केली होती. तेव्हापासून सगळे कागद टाचणीने टाचत. पण या मशीनवर मात्र त्याने खरंच जीव ओतला होता. मशीनची कमान एवढी रुंद, की मोठ्या गोधडीची गुंडाळी आरपार जावी. कापड दाबणारं पाऊल दुहेरी, म्हणजे वरचा आणि खालचा थर एकाच चालीने पुढे सरकणार. खालचा मागे राहून चुण्या पडायची भानगड नाही. सुईवर स्वतंत्र दिवा. खाली चाक नाही, पट्टा नाही, झोका घ्यायला पायडल नाही. आणि सुईजवळ बोट गेलं की मशीन जागच्या जागी थांबणार आणि बोलणार.

काय बोलणार, ते अर्थात सावधानबाईंनी लिहिलं होतं. ते वाचायला एक व्यावसायिक आवाजवाल्या बाई येणार होत्या, पण ऐन रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांचा घसा बसला.

"तात्पुरतं तुम्हीच वाचा," सुधारक म्हणाला. "चाचणीपुरतं. नंतर बदलू."

तिने वाचलं. सुधारकाने कानांवरचे हेडफोन काढले.

"जरा अधिकार येऊ द्या. तुम्ही विनवणी करताय असं वाटतंय. असं समजा, तुमची मुलगी कपाटावर चढलीये."

मग तिने जे वाचलं, ते ऐकून शेजारच्या खोलीत चहा ओतणारा माणूससुद्धा हात मागे घेऊन उभा राहिला. सुधारक खूश झाला. ती ते विसरून गेली.

पुढे कंपनीने विचारलं, हे मशीन कोणाच्या घरी चाचणीला ठेवायचं? रोज गोधड्या शिवणारं माणूस घरात हवं. सगळ्यांच्या आधी तिचा हात वर गेला. तिला वाटलं, एका दगडात... म्हणजे एका मशीनमध्ये सगळंच साधेल. सासूबाईंना नवीन मशीन मिळेल, भिंगरीची वेणी पट्ट्यापासून सुटेल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही.

तोंडाचा मुद्दा तिने जरा नीट तपासायला हवा होता.

कंपनीच्या माणसांनी मशीन घरी आणून बसवलं तेव्हा ती ऑफिसात होती. संध्याकाळी जिना चढताना खडखडाट नव्हता. नव्या मशीनचा आवाज इतका खाली थोडाच येणार, अशी तिने मनाची समजूत घातली. आत जाऊन पाहते तर नवं मशीन खिडकीपाशी रुबाबात उभं, जुनं चादर पांघरून भिंतीशी तोंड करून, आणि सासूबाई दोघांकडे पाठ करून हाताने टाके घालत बसलेल्या. मांडीवर भिंगरीची नवी गोधडी होती. पोरगी आता मोठ्या पलंगावर झोपणार, म्हणून मोठी गोधडी.

"कसं वाटलं मशीन?"

"मशीन छान आहे," सासूबाई दोरा तोडत म्हणाल्या. "तूच फार बोलतेस."

"मी?"

"नाहीतर कोण? सकाळपासून तोंड बंद नाही तुझं."

"आई, मी तर ऑफिसात..."

"आई, तू आजीला ओरडलीस," भिंगरीने पलंगाखालून साक्ष दिली. "खूप वेळा. मग मी पण बिस्किटाचा डबा बंद केला."

 ती मशीनपाशी बसली, बटण दाबलं आणि सुईकडे बोट नेलं.

"हात मागे घ्या," मशीन म्हणालं.

तिचाच आवाज. कपाटावर चढलेल्या मुलीला उद्देशून काढलेला. तिने हात झटकन मागे घेतला आणि तोंडातून 'सॉरी'ही निघून गेलं.

"अजून पुष्कळ आहे," सासूबाई म्हणाल्या. "तिरकं शिवून बघ."

तिने तिरकं शिवलं.

"टाका वाकडा गेला आहे. उसवा."

आता सासूबाईंच्या गोधडीतले टाके सरळ कधीच जात नसत. प्रत्येक तुकड्याभोवती त्या मुद्दाम लाटेसारखी वळणं घेत जायच्या. तीच तर त्यांची कला. त्या कलेला मशीनने दिवसभर 'उसवा' म्हणून सांगितलं होतं. शिवाय बराच वेळ शिवल्यावर 'तुम्ही थकला आहात, उठा' आणि उठून परत बसल्यावर 'घाई करू नका, आधी विचार करा.'

"इतकी वर्षं चकार शब्द बोलली नाहीस," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मला वाटायचं, गरीब आहे बिचारी. मनात साठवत होतीस हे माहीत नव्हतं. बरं झालं, कंपनीने सोय केली."

"आई, ते तुमच्यासाठी नव्हतं. ते सगळ्यांसाठी..."

"सगळ्यांना सांगतेस का असं? मग लोक आपल्याकडे येत नाहीत त्यात नवल काय?"

नवरा वर्तमानपत्राच्या मागे हसत होता. वर्तमानपत्र हलत होतं, त्यावरून कळलं.

आवाज बंद करून टाकावा, हे कोणालाही सुचलं असतं. तिलाही सुचलं. तिने आवाज बंद केला आणि मशीनही बंद पडलं. 'वापरणाऱ्याने सूचना बंद केल्या तर मशीन चालता कामा नये', अशी अट मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून कोणी घातली होती, ते सांगायला नको. मग तिने आवाज अगदी बारीक केला. ते तर भलतंच झालं. मोठ्याने निदान ओरडल्यासारखं वाटायचं. आता पाठीमागे उभं राहून कोणीतरी दात-ओठ खात पुटपुटतंय असं वाटू लागलं.

"मोठाच राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "बोलायचं ते तोंडावर बोलावं."

त्यानंतर दोन-चार दिवस घरात विचित्र शांतता होती. सासूबाई रागावल्या असत्या तर एक वेळ परवडलं असतं. त्या तिच्याशी अधिकच गोड वागायला लागल्या. 'चहा घेशील का?' विचारताना हात मागे बांधून उभ्या राहत. भाजी चिरता चिरता मधेच थांबून छताकडे बघत म्हणत, "पुढे चिरू ना?" भिंगरी खाली-वर बघून विचारायची, "आजी, आई कुठे आहे?" आणि आजी म्हणायची, "कुठेही असू शकते बाई ती."

आणि मग जेवणं झाल्यावर सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "थोरल्याकडे जाऊन यावं म्हणते. शनिवारी दुपारी टेम्पो सांगितलाय."

"टेम्पो कशाला?" नवऱ्याने विचारलं. "मी सोडतो की गाडीने."

"गाडीत मशीन मावणार नाही."

वर्तमानपत्र हलायचं थांबलं.

सासूबाई याआधीही थोरल्याकडे गेल्या होत्या. बॅग घेऊन जायच्या, तिकडच्या थोरल्या सुनेची तक्रार घेऊन परत यायच्या. पण मशीन घेऊन त्या आयुष्यात एकदाच कुठे गेल्या होत्या, स्वतःच्या लग्नानंतर सासरी. आणि त्या घरातून मग परत आल्या नव्हत्या. बॅग नेली की मुक्काम, मशीन नेलं की बिऱ्हाड, एवढं या घरात सगळ्यांनाच कळत होतं.

भिंगरीला पाळणाघरात ठेवावं लागेल, हा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. (पाळणाघरातली सगळी टेबलं, त्यांच्या सगळ्या टोकेरी कोपऱ्यांसकट, डोळ्यांसमोरून गेली.) पण त्याच्याही आधी तिला आठवला तो जिना. आपण रोज तो चढतोय आणि वरून काहीच ऐकू येत नाहीये. तिने भांडी घासायला घेतली आणि आधीच घासलेलं पातेलं पुन्हा एकदा घासलं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली ती थेट सुधारकापुढे उभी राहिली.

"वाक्यं बदलायची आहेत. माझ्या घरच्या मशीनपुरती."

"आवाज तोच?"

"आवाज तोच. कपाट काढून टाका."

रेकॉर्डिंगच्या खोलीत ती एकटी बसली, समोर कागद घेतला नाही. काचेपलीकडे सुधारक हेडफोन लावून बसला. आणि इतकी वर्षं 'चहा ठेवू का' आणि 'मी येते हं' यांच्या मधे अडकून पडलेलं सगळं बाहेर पडायला लागलं.

"आई, चष्मा लावलात का? ... आई, बोट सांभाळा हं. तुमच्या बोटांवर घर चाललंय आपलं. ... आई, टाका जरा तिरका वाटतोय, पण मलाच कळत नसेल. तुम्हाला बरोबर वाटतंय ना, मग बरोबरच आहे. ... आई, दमलात का? टेका थोडं. गोधडीला घाई नाहीये."

शेवटी मशीन बंद करतानाची सूचना उरली. मूळ वाक्य होतं, 'सुई वर असल्याची खात्री करा.'

"आई, सुई वर आहे ना बघा," ती म्हणाली. मग थांबली. "आणि थोरल्या जाऊबाईंकडे जायचं असेल तर जा. पण मशीन इथेच ठेवा. मी जिना चढते तेव्हा मला ते ऐकू यायला हवं असतं. मला तुमच्याशिवाय जमत नाही."

सुधारक बराच वेळ पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

"यात काही सुधारणा नको," तो शेवटी म्हणाला.

त्याने नखाएवढं एक कार्ड तिच्या हातावर ठेवलं. तसंच दुसरं कार्ड टेबलावर होतं. त्यात मूळच्या सूचना होत्या, शनिवारच्या विक्रेत्यांच्या बैठकीसाठी, अधिकार आणखी वाढवून. जगातल्या प्रत्येक बटणाखाली काय लिहायचं हे ठरवणारी ही बाई. पण त्या दोन कार्डांवर काहीतरी लिहावं, हे तिला सुचलं नाही. फोन वाजला म्हणून तिने हातातलं कार्ड टेबलावर ठेवलं, आणि बोलून झाल्यावर उचललं. कार्डच उचललं, एवढं मात्र खरं.

शुक्रवारी संध्याकाळी तिने सगळ्यांना मशीनभोवती जमवलं. सासूबाईंना खुर्चीवर बसवलं. कार्ड घातलं. बटण दाबलं. आणि हात जोडून उभं राहावं की नुसतंच उभं राहावं, या विचारात उभी राहिली.

"हात मागे घ्या," मशीन कडाडलं. "किती वेळा सांगायचं?"

खोलीत कोणी हललं नाही. भिंगरीने तेवढे दोन्ही हात पाठीमागे नेले.

"बदलून आणते म्हणाली होतीस," सासूबाई म्हणाल्या.

"बदललं होतं, आई. खरंच."

"हो, ते कळलं. आधी निदान 'किती वेळा' नव्हतं."

त्या उठल्या आणि बॅग भरायला गेल्या. तिने सुधारकाला फोन लावला. तो लागला नाही. (फोनमध्येही त्याने काहीतरी सुधारणा केली होती.) दुसरं कार्ड कुठे असणार, हे तिला आता स्वच्छ दिसत होतं. कंपनीच्या हॉलमध्ये, मंचावर, फुलदाणीशेजारच्या मशीनमध्ये.

शनिवारी ती धावत हॉलमध्ये शिरली तेव्हा सगळे विक्रेते स्थानापन्न झाले होते. मंचावर मशीनपुढे त्यांतलं सर्वांत बडं प्रस्थ असलेले एक विक्रेते बसले होते. धिप्पाड देह, भरघोस मिशा, आणि सदऱ्याच्या बटणांपासून मशीनच्या मोटारीपर्यंत कशावरही विश्वास न ठेवणारी मुद्रा. कंपनीचे साहेब शेजारी उभे राहून सांगत होते, "आमचं मशीन तुमच्याशी बोलेल. स्पष्ट, ठाम, व्यावसायिक भाषेत." आणि त्यांनी बटण दाबलं.

"आई," मशीन हळुवारपणे म्हणालं, "चष्मा लावलात का?"

विक्रेत्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग खिशातून चष्मा काढून लावला.

साहेबांनी घाईघाईने कापड सुईखाली सरकवलं. विक्रेत्यांचा जाडजूड अंगठा पुढे गेला.

"आई, बोट सांभाळा हं. तुमच्या बोटांवर घर चाललंय आपलं."

हॉलमध्ये मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. विक्रेते अंगठ्याकडे बघत होते. त्या अंगठ्याकडे इतक्या आपुलकीने बहुधा आजवर कोणी पाहिलं नसावं. त्यांनी शिवायला सुरुवात केली. शिवण गेली वाकडी. मशीन म्हणालं, तुम्हाला बरोबर वाटतंय ना, मग बरोबरच आहे. त्यांनी मान डोलावली आणि आणखी वाकडी शिवली. साहेबांच्या कानशिलावरून घाम ओघळला आणि त्यांनी मशीन बंद करायचं बटण दाबलं.

ते दाबायला नको होतं.

"...मी जिना चढते तेव्हा मला ते ऐकू यायला हवं असतं. मला तुमच्याशिवाय जमत नाही."

 विक्रेत्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मग?" ते म्हणाले. "गेल्या का त्या?"

"कोण?" साहेबांनी विचारलं.

"आई. थोरलीकडे गेल्या का?"

साहेबांनी सगळीकडे नजर फिरवली आणि ती दाराशी उभ्या असलेल्या सावधानबाईंवर येऊन थांबली. सगळा हॉल वळून तिच्याकडे पाहू लागला.

"अजून नाही," ती म्हणाली. "आज दुपारी टेम्पो येणार आहे."

"आणि तुम्ही इथे काय करताय?" विक्रेते म्हणाले.

 सुधारकाने मशीनमधून कार्ड काढून तिच्या मुठीत दिलं, आणि ती निघाली.

घरापुढे टेम्पो उभा होता. जुनं मशीन चढवून दोऱ्यांनी बांधून झालं होतं. सासूबाई पुढच्या सीटवर मांडीवर बॅग घेऊन बसल्या होत्या, आणि दारात भिंगरीला कडेवर घेऊन उभा असलेला नवरा, आपली बायको आणि आपली आई यांच्यामधे पडण्यात काय जोखीम असते हे ओळखून, टेम्पोच्या टायरचं निरीक्षण करत होता.

"आई, एक मिनिट वर चला," ती धापा टाकत म्हणाली. "मशीनमध्ये हे कार्ड घालते. त्यात सगळं सांगितलंय मी."

"अजून राहिलंय सांगायचं?"

"एकदाच ऐका."

"आता परत कोण जिने चढणार? काय म्हणतंय ते तूच सांग की. आवाज तुझाच आहे ना?"

सगळी वाक्यं तिला पाठ होती. एका अनोळखी, मिशाळ माणसाला ती नुकतीच ऐकवून झाली होती. तिने तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर पडलं ते असं:

"ही दोरी चुकीची बांधलीये. चाकाचा पट्टा काढायला हवा होता, वाटेत चाक फिरलं तर दोरी त्यात गुंतेल. आणि दाराला टेकून बसू नका, ते नीट लागलेलं नाही. गोळ्यांची डबी बॅगेत तळाशी घातलीत ना? मला माहीत होतं. ती वर ठेवा. थोरल्या जाऊबाईंचा जिना गुळगुळीत आहे, मोजे घालून उतरायचं नाही. किती वेळा सांगायचं?"

टेम्पोवाल्याने वळून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ताई," तो म्हणाला, "त्या वरच्या मशीनमध्ये तुम्हीच का? मघाशी हे मशीन उचलताना माझा हात लागला त्याला. मला पण सांगितलंत हात मागे घ्यायला."

सासूबाईंनी तोंडाला पदर... नव्हे, बॅगच लावली. बॅग आधी हलली, मग गदगदली, आणि त्या मोठ्याने हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं, की समोरची हसत नाहीये; तिच्या नाकाचा शेंडा लाल झालाय.

"अगं, झालं काय?"

"आणि जाऊ नका," ती म्हणाली. तेही त्याच आवाजात, कपाटावर चढलेल्या मुलीला दटावणाऱ्या.

सासूबाईंनी बॅग पुन्हा मांडीवर घेतली.

"ही सूचना आहे की विनंती?"

तिने विचार केला.

"सूचना आहे."

"मग ऐकायला हवी बाई," सासूबाई टेम्पोवाल्याला म्हणाल्या, आणि बॅग आधी खाली दिली. "नाहीतर बंदच पडते ती."

टेम्पोवाल्याने एकही प्रश्न न विचारता दोऱ्या सोडल्या. जुनं मशीन वर गेलं आणि खिडकीपाशी नव्याच्या शेजारी उभं राहिलं. वाटाघाटी चहावर झाल्या. मोठी गोधडी नव्यावर, कारण थर सरकत नाहीत हे सासूबाईंना पहिल्या दिवशीच पटलं होतं. मानायचं तेवढं राहिलं होतं. काठ मात्र जुन्यावर. जुनं चालू असताना भिंगरीची वेणी डोक्यावर बांधायची आणि पट्ट्यावर पत्र्याचं झाकण बसवायचं. हे झाकण बसवायला सुधारकाने यायचं नाही, ते नवऱ्याने बसवायचं.

"एवढंच होतं तर आधी सांगायचंस," सासूबाई म्हणाल्या. "मला काय नातीची वेणी नको होती?"

 तिने चहा ठेवला.

रविवारी नवं कार्ड मशीनमध्ये गेलं. सासूबाईंनी ते कोणी घरात नसताना ऐकलं, एकटीने, दार लावून. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत नव्हत्या वगैरे, पण रात्री भाजी तिच्या आवडीची निघाली.

सोमवारी ऑफिसात साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ती राजीनामा मनातल्या मनात लिहीत आत गेली. साहेब म्हणाले, विक्रेत्यांना मशीन हवंय, पण त्या आवाजासकट, आणि त्या वाक्यांसकट. 'आई' तेवढं काढता येईल का, असं विचारल्यावर ते म्हणे रागावले. एकंदरीत प्रकरण तिच्या अंगाशी न येता गळ्यात पडलं होतं, आणि हजारो अनोळखी घरांत आता ती चष्म्याची चौकशी करणार होती.

संध्याकाळी ती जिना चढू लागली तेव्हा वरून खडखडाट येत नव्हता; मोठ्या गोधडीचं काम चाललं असणार. पण खिडकीतून तिचाच आवाज येत होता. मऊ, समजूतदार. तिला स्वतःलाच तो आवडला. दारापाशी चपला काढता काढता ती थबकली. इतके दिवस मशीनने तोंड उघडलं की भिंगरी 'आई ओरडली' म्हणून घरभर पळायची. आता काय म्हणते, हे तिला चोरून ऐकायचं होतं. आईचा इतका गोड आवाज ऐकून पोरगी हरखली असेल. तिने दाराला कान लावला.

"आई, दमलात का?" आतून मशीन म्हणालं. "टेका थोडं. गोधडीला घाई नाहीये."

मशीन थांबलं.  मग भिंगरी म्हणाली, "आजी, ह्या काकू किती छान बोलतात. आई घरी आली की त्यांना जावं लागतं का?"